बाहेरकर सरांचा गादीचा नियम

गादीचा नियम मी बंद केला होता. बाहेरकर सरांनी नाही.

एवढंच वाक्य आहे. एका दमात म्हणून होतं. मला ते म्हणायला काही वर्षं लागली, आणि ती वर्षं सरांची गेली, माझी नाही. गादीचा नियम म्हणजे काय, ते ओघात येईलच. आधी बाहेरकर सर कोण ते सांगतो, कारण आमच्या धंद्यातल्या लोकांना त्यांच्याबद्दल फार काळ एकच गोष्ट माहीत होती आणि ती खोटी होती.

बाहेरकर हे त्यांचं आडनाव नव्हतं. ऑफिसातल्या पोरांनी ते ठेवलं होतं. इंदूरच्या विजय नगरमधल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. तिथे सर कुणाच्याही मागे येऊन उभे राहत, चष्मा कपाळावर चढवत, स्क्रीनवरच्या एखाद्या ओळीवर बोट टेकवत आणि इंदुरी थाटात म्हणत, "भिया, हे आत काय करतंय? बाहेर काढ." स्क्रीनवर बोटाचा ठसा राहायचा. नवीन आलेल्यांना वाटायचं, सर रागावले. मग दिवसभरात तेच वाक्य सगळ्यांच्या मागून ऐकू आलं की त्यांना कळायचं, ही सवय आहे. नाव इतकं चिकटलं की कुरिअरवालासुद्धा "बाहेरकर साब कहाँ बैठते हैं?" असं विचारत यायचा. सरांना त्याचं काही वाटत नसे. "बरं आहे," म्हणत. "खरं आडनाव इथे कुणाला लिहिता येत नाही. हे हिंदीवाल्यांनाही जमतं."

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. गाड्यांची, माणसांची, पाळ्यांची वेळापत्रकं बनवणारे प्रोग्राम लिहिण्यासाठी कंपनीने स्वतःची एक छोटी भाषा तयार केली होती. त्या भाषेत सगळं काम फंक्शनांनी चालायचं. एक गोष्ट आत द्यायची, तिचं उत्तर घ्यायचं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणतो तो कंपायलर, आणि आणता आणता तो प्रोग्राम वेगवान करणं हे सरांचं काम. हे काम टप्प्याटप्प्याने होतं. एकेका टप्प्याला आम्ही पास म्हणायचो. त्यातला एक पास सरांचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. फंक्शनच्या आत जे गणित दर वेळी नव्याने होतं पण ज्याचं उत्तर दर वेळी तेच येतं, ते हुडकायचं आणि उचलून फंक्शनच्या बाहेर नेऊन ठेवायचं. बाहेर ते एकदाच होतं. आतल्याने फक्त वापरायचं.

हे समजावायला सर फळ्याकडे जात नसत, खाली पोह्यांच्या ठेल्यावर नेत. मलाही नेलं होतं. ठेलेवाला वाफेवर ठेवलेले पोहे प्लेटमध्ये काढायचा, वर शेव-कांदा टाकायचा आणि मसाल्याचा डबा हातात धरून गिऱ्हाइकाकडे बघायचा. "जीरावन कितना?"

"बघ," सर म्हणाले. "गिऱ्हाईक बदललं की काय बदलतं?"

"जीरावन."

"आणि पोहे?"

"पोहे तेच."

"मग हा हर गिऱ्हाइकासाठी वेगळी कढई चढवतो का? नाही ना. पोहे बाहेर, एकदाच. जीरावन आत, ज्याचं त्याचं. समोरचा माणूस बदलल्यावर जे बदलतं ते आत ठेव. जे बदलत नाही ते बाहेर. बस. चलो, हो गया कोर्स पूरा." मग ठेलेवाल्याला म्हणाले, "भिया, मेरे में जीरावन डबल." आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्लं.

त्यांचं सगळं वागणंच तसं होतं. एकच गोष्ट पाच टेबलांपाशी जाऊन पाचदा सांगणं त्यांना सोसत नसे. ते उठत, पाण्याच्या कूलरपाशी उभे राहत, टाळी वाजवत आणि हॉलभर ऐकू जाईल असं सांगत. "सुनो सब. उद्या मी येणार नाही. दाढ काढायची आहे. खालची, उजवीकडची."

नेहा म्हणून आमच्याकडे प्रोग्राम तपासणारी मुलगी होती. ती म्हणायची, "सर, कौनसी दाढ है ये बताना ज़रूरी था क्या?"

"परसों तुम सब एक-एक करके पूछने आओगे. म्हणून आजच सांगून टाकलं."

त्यांच्या मशीनचा पासवर्डही असाच जाहीर झाला. प्रोग्रामचा वेग मोजायचा तर ज्यावर दुसरं काही चालू नाही असं मशीन लागतं. असं एकच होतं, सरांचं, आणि ते सगळ्यांना हवं असायचं. दोघा-तिघांनी येऊन पासवर्ड विचारल्यावर सर कूलरपाशी गेले आणि ओरडून सांगितला. त्यात वहिनींचं माहेरचं नाव होतं. आम्ही कितीतरी दिवस हसत होतो.

रागावलेले मी त्यांना क्वचित पाहिले. एकदा आमच्या डायरेक्टर साहेबांनी ग्राहकाला कामाची एक तारीख सांगितली आणि आम्हाला दुसरी. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "साब, बात एकच आहे तर दोघांना एकच सांगा. दोन सांगितल्या म्हणजे त्यातली एक तरी झूठ आहे." साहेब हसले. ते हसणं मला तेव्हा मोकळं वाटलं होतं.

आता गादीचा नियम. तो सरांना घरी सुचला. राजेंद्र नगरला तळमजल्यावर त्यांचं घर. एका रविवारी मला जेवायला बोलावलं होतं. बघतो तर दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. भिंतीला लागून गाद्यांचा ढीग, त्यावर उशा, त्यावर रजया. वहिनी शाळेत शिकवत. त्या दारातच म्हणाल्या, "या मिलिंदजी, गादीवरच बसा. खुर्च्या गॅलरीत गेल्या. ह्यांनी घरात सुधारणा केली आहे."

सरांची बहीण आणि भाचरं शहरातच बडा गणपतीकडे राहत आणि अधूनमधून मुक्कामाला येत. दर वेळी माळ्यावर चढा, गाद्या काढा, झटका, पुन्हा वर टाका. सरांनी विचार केला, पाहुणा कोणताही असो, गादी तीच. मग एकदाच काढून बाहेर ठेवू.

"पाहुणे गेले, गाद्या राहिल्या," वहिनी आमटी वाढत म्हणाल्या. "आता घरच्यांनी कुठे बसायचं, ते तुमच्या कंपायलरला विचारा."

सर भात कालवता कालवता थांबले. मग म्हणाले, "मिलिंद, ही बरोबर बोलून राहिली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पासमध्ये एक नियम घातला. जी वस्तू बनवायला सोपी पण ठेवायला मोठी, ती बाहेर काढायची नाही. ती आतच बनू दे, वापरून झाली की मोडू दे, पुन्हा लागली तर पुन्हा बनू दे. कारण बाहेर काढून ठेवलेलं कुणी आवरत नाही. प्रोग्राम चालू आहे तोवर ते मेमरीत जागा अडवून बसतं. नियमाने वेग थोडा कमी व्हायचा, पण जागा मोकळी राहायची. कूलरपाशी उभं राहून सरांनी हे सगळं जाहीर केलं आणि श्रेय वहिनींच्या नावावर टाकलं. "गादीचा नियम" हे नाव तेव्हापासूनचं.

पुढे एक मोठा ग्राहक आला. आसपासच्या गावांना जाणाऱ्या बसगाड्यांचं वेळापत्रक त्यांना आमच्या भाषेवर चालवायचं होतं. त्यांना नमुना दाखवण्याचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दुपारी डायरेक्टर साहेबांनी तो पाहिला आणि जाता जाता म्हणाले, "अच्छा है. थोड़ा और तेज़ होता तो बात बन जाती."

सर त्या दिवशी भाच्याच्या मुंजीला देवासला, बहिणीच्या सासरी गेले होते. तेही त्यांनी कूलरपाशी सांगितलं होतं, जेवणात काय काय असणार त्यासकट. मी त्यांच्या मशीनपुढे बसलो. वहिनींचं माहेरचं नाव टाइप केलं आणि गादीचा नियम बंद केला. एका ओळीचं काम होतं. प्रोग्राम पळायला लागला. दिवसाच्या सगळ्या मिनिटांची आणि सगळ्या थांब्यांची जी लांबलचक रांग दर बससाठी आत नव्याने बनत होती, ती आता बाहेर एकदाच बनली आणि तिथेच बसली. नमुन्यात एकाच गावाच्या बसगाड्या होत्या, म्हणून जागा पुरली. मनात म्हणालो, उद्या दाखवून झालं की परत चालू करू.

ग्राहक खूश झाला. मला टीमचा प्रमुख केलं. सर मुंजीचे लाडू घेऊन आले, डबा उघडून कूलरवर ठेवला आणि माझ्यापाशी आले. "एवढा फरक पडला? कसा काय भिया?"

"सर, तुमच्याच पासची कमाल," मी म्हणालो.

पन्नाशी उलटलेला माणूस कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं नव्हतं एवढं होईल," ते म्हणाले, आणि मला आणखी एक लाडू दिला. तो मी खाल्ला. तेव्हाच सांगितलं असतं तर सरांची बोलणी खाऊन गोष्ट तिथेच मिटली असती. पण नियम चालू केला की वेग पडणार, वेग पडला की साहेब विचारणार, आणि मी नुकताच प्रमुख झालो होतो. म्हणून तो बंदच ठेवला. पुढे काही लोकांना मी सांगितलं की माझ्याकडून विसरलं. मी विसरलो नव्हतो. रोज ऑफिसात शिरताना आठवण यायची. कूलरकडे न बघता मी माझ्या टेबलाशी जायचो.

खऱ्या कामात सगळी गावं होती. आमच्या भाषेत रांग लागेल तेवढीच बनते, म्हणून ती बाहेर ठेवलेली रांग जसजशी वापरली जाई तसतशी लांबत जाई, आणि एकदा लांबली की परत आखडत नसे. काही आठवडे निभावलं. मग ऐन राखीच्या सकाळी मेमरी भरली आणि वेळापत्रक बंद पडलं. भावाकडे निघालेल्या बायका मुलांना आणि मिठाईच्या डब्यांना धरून बसस्टँडवर ताटकळल्या. फलकावर काही येईना. एका गावाला लागोपाठ गाड्या गेल्या, दुसऱ्या गावाला दुपारपर्यंत एकही नाही. नेहाचा भाऊ धारला होता. तीही त्या गर्दीत उभी होती.

मग ती बैठक झाली. ग्राहकाचा माणूस, डायरेक्टर साहेब, नेहा, सर आणि मी. साहेबांनी विचारलं, "ये चीज़ें बाहर निकालने वाला पास किसका है?"

"माझा आहे," सर म्हणाले. आणि माझ्याकडे पाहिलं.

त्यांना कळलेलं होतं. सकाळीच त्यांनी पास उघडून बघितला होता. नियम बंद होता, आणि बंद करणारा म्हणून त्यांचंच नाव लागलेलं होतं, कारण मशीन त्यांचं. पण दिवस मुंजीचा होता, आणि त्या दिवशी त्या मशीनवर बसायची गरज कुणाला होती हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते मी बोलायची वाट बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलं की मास्तर जसे थांबतात, तसे थांबले होते.

मी पेनचं टोपण काढत होतो आणि लावत होतो.

ग्राहकाच्या माणसाने बदलांच्या नोंदीतलं नाव बघून सरांना विचारलं, "तो वो नियम भी आपने ही बंद किया?" सर काही बोलले नाहीत. बाकीच्यांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला. साहेब म्हणाले, "बाहेरकर साब, दूसरों को तो बहुत सिखाते थे." तेव्हा मला दोन तारखांच्या वेळच्या त्यांच्या त्या हसण्याचा अर्थ कळला. तरी मी बोललो नाही.

सरांचा पास कंपायलरमधून समूळ काढला. नुसता नियम चालू केला असता तर भागलं असतं, हे मला माहीत होतं, नेहालाही बहुधा माहीत होतं. पण ग्राहकाला काहीतरी मोठं केल्याचं दाखवायचं होतं. सरांना राजीनामा द्यायला सांगितलं. शेवटच्या दिवशी ते कूलरपाशी येऊन उभे राहिले. हॉलमधले सगळे माना वर करून बघू लागले. त्यांनी टाळी वाजवली नाही. ग्लासभर पाणी प्यायले, ग्लास पालथा ठेवला आणि लिफ्टकडे गेले.

त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. इंदुरात कंपायलरचं काम असणार तरी किती? जिथे जिथे त्यांनी विचारलं, तिथून आमच्या साहेबांना फोन आला, आणि या बाबतीत साहेबांनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. काही दिवस सरांनी घरी शिकवण्या घेतल्या, मग त्याही सोडल्या. हे मला इकडून तिकडून कळत होतं. माझा पगार वाढला. मी मोठ्या गाडीतून राजेंद्र नगरच्या फाट्यावरून जायचो आणि आत वळायचो नाही.

शेवटी एका हिवाळ्यात वळलो. सर पायरीवर उन्हात बसून मटार सोलत होते. वहिनी आत चहा करायला गेल्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सर, तो नियम मी बंद केला होता."

त्यांचा हात थांबला नाही. "हे मला सांगून राहिला आहेस?" ते म्हणाले. "भिया, त्या खोलीत हे आधीपासून माहीत असलेला मी एकटाच होतो. मला सोडून बाकीच्यांना सांगायचं होतं ना."

"तुम्ही का नाही बोललात, सर?"

"माझं वाक्य मी बोललो. पास माझा आहे म्हणालो. पुढचं तुझं होतं." शेंग दाणेदार निघाली तशी माझ्यापुढे धरली. "खा. गोड आहे."

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "येत जा तुम्ही. ऑफिसचं दुसरं कुणी येत नाही. ह्यांच्या हातून चूक झाली, मला मान्य आहे. पण म्हणून माणसाला इतकं एकटं टाकतात का? मी ह्यांना म्हणते, होतं एखाद्या वेळी, कबूल करा आणि मोकळे व्हा. तर नुसते माझ्या तोंडाकडे बघतात."

सरांनी घरातही सांगितलेलं नव्हतं. ज्या बाईच्या दिवाणखान्यातून तो नियम निघाला, तिला वाटत होतं की आपल्याच नवऱ्याने तो काढून टाकला. मी "येतो वहिनी" म्हणालो. फाटकाची कडी मला लागेना. त्यांनीच लावली, आणि "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून" असं काहीतरी म्हणाल्या.

मग मी एकेकाला सांगायला निघालो. साहेबांकडे गेलो. त्यांना म्हणालो की त्या वेळी घाई होती, माझ्या आणि सरांच्या बोलण्यात काही घोटाळा झाला असावा. ते म्हणाले, "छोड़ो यार, पुरानी बात है." नेहा तोवर दुसऱ्या कंपनीत गेली होती. तिला कॉफीला बोलावलं आणि सांगितलं की त्यात माझाही थोडा हात होता, पण पुढे विसरलं. ती म्हणाली, "थोड़ा?" मी विषय बदलला. ग्राहकाच्या माणसाला फोनवर सांगितलं की नियम मुळात जरा अवघड होता, कुणाच्याही लक्षात आलं नसतं. प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायचं.

त्या हलकेपणातच मी सरांकडे गेलो. ते आता बरेच वाळले होते, पायांवर सूज होती. कॉटवर पडूनच होते. "सर, सांगितलं मी सगळ्यांना," मी म्हणालो.

"काय सांगितलंस?"

मी सांगू लागलो. साहेबांना काय म्हणालो, नेहाला काय, त्या तिसऱ्याला काय. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. सर छताकडे बघत होते. त्यांच्या पोटाचे स्नायू हलले, म्हणजे ते हसत होते.

"माणूस बदलला की वाक्य बदललं," ते म्हणाले. "ही माफी नाही भिया. जीरावन आहे."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात थंड होता. "जे माणसावर अवलंबून नाही ते बाहेर काढ. एकदाच. इतकी वर्षं तुला काय शिकवलं?"

त्यावर मी "हो सर" म्हणालो. आणि घरी आलो. आणि नेहमीसारखा ऑफिसला जात राहिलो. हेही लपवत नाही. उद्या सगळ्यांना एकत्र बोलावू, पुढच्या आठवड्यात बोलावू, सर जरा बरे झाले की त्यांच्यासमोरच बोलावू, असं म्हणत राहिलो. नेहाचा फोन आला तेव्हा मी गाडी धुऊन घेत होतो. "सर नहीं रहे," ती म्हणाली. मी तिला विचारलं, कधी. तिने सांगितलं. मग ती एकदम म्हणाली, "अब तो बोल दो, मिलिंदजी."

तिला सगळं माहीत होतं तर. कदाचित बैठकीच्या दिवसापासूनच. ती तेव्हा अगदी नवीन होती, तिला घर चालवायचं होतं. तिला मी बोल लावू शकत नाही.

उठावणा, म्हणजे तिसऱ्या दिवसाची शोकसभा, राजेंद्र नगरच्या सभागृहात होता. पांढऱ्या चादरी, एका खुर्चीवर सरांचा फोटो. चष्मा कपाळावर असलेलाच फोटो घरच्यांनी निवडला होता. एका बाजूला बडा गणपतीकडची बहीण, भाचरं, शेजारचे लोक. दुसऱ्या बाजूला विजय नगरहून आलेले आम्ही. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. भजन संपल्यावर कुणीतरी डायरेक्टर साहेबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते चांगलं बोलले. सर किती विद्वान, किती साधे. मग हात जोडून म्हणाले, "एक गलती हुई उनसे, हम सब जानते हैं. पर गलती किससे नहीं होती? हमने तो कब का माफ़ कर दिया." माना डोलल्या. बहिणीने डोळ्यांना पदर लावला. वहिनींनीही मान डोलवली. त्यांना ते ऐकून बरं वाटलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. नवऱ्याला माफी मिळाली म्हणून त्या साहेबांकडे कृतज्ञतेने बघत होत्या.

मी उठलो. सभागृहाच्या कोपऱ्यात पाण्याचा कूलर होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. टाळी वाजवायची जागा नव्हती ती. विजय नगरच्या सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोललो. आवाज बारीक निघाला, तेव्हा थांबून पुन्हा मोठ्याने पहिल्यापासून सांगितलं. सहा-सात लहान वाक्यं होती. त्यात घाई नव्हती, घोटाळा नव्हता, विसरणं नव्हतं. साहेब घड्याळाशी चाळा करत होते. नेहा रडत होती. सरांचा भाचा, ज्याची ती मुंज होती, आता मिसरूड फुटलेला मुलगा, माझ्याकडे एकटक बघत होता. पंडितजींनी घाईने पुढचा श्लोक धरला.

"थांबा जरा," वहिनी त्यांना म्हणाल्या. त्या भिंतीला हात लावून उठल्या आणि चादरीवरून चालत माझ्यासमोर आल्या. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. आजही येत नाही.

"माझ्याकडे बघून सांगा," त्या म्हणाल्या. "मराठीत."

मी बघितलं, आणि सांगितलं.

"गादीचा नियम मी बंद केला होता. सरांनी नाही. ते मुंजीला गेले होते. नंतर सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी गप्प बसलो आणि दोष त्यांच्यावर जाऊ दिला. मी विसरलो नव्हतो. चूक माझी आहे. मला माफ करा."